आडवा आठ

पंखा आधी बंद.
चोपड्यात, मे महिन्यात, दुपारी दोनला
सुपडूभाऊ पंखा बंद करतात
आणि भिंग उघडतात.

उन्हानं ग्रीस वितळून पात्यांवर चढलेलं.
दहा पाती, कांद्याच्या पापुद्र्याहून बारीक,
एकमेकांना चिकटून बसलेली.
लायटरच्या पेट्रोलात बुडवून
एकेक पुसायचं, जुन्या धोतराच्या चिंधीनं.
घाम नाकाच्या शेंड्यावर आला
की ते मान फिरवतात, हात नाही.

मग आटे.
सुटले की परत सहा जागी बसतात,
खरी जागा एक.
आत सुईनं ओढलेली रेघ सापडली.
तिच्याशेजारी आणखी एक.
"कोनी तरी आधी उघाडेल शे."
चष्मा कपाळावर, बऱ्याच वेळानं:
"मीच व्हतू."
यातली खोटी कुठली, ते काही आठवेना.

संध्याकाळी गच्चीवर,
वाळत घातलेल्या बिबड्यांची खाट ओलांडून
कॅमेरा सातपुड्याकडे.
पहिल्या रेघेला डोंगर ताकात कालवलेला.
पुन्हा खाली, पुन्हा स्क्रू, पुन्हा जिना.
दुसरीला कड आली, कडेवरचं झाड आलं,
फक्त आडवा आठ
खुणेच्या केसभर अलीकडे थांबला.

"ऱ्हाऊ दे," सुपडूभाऊ म्हणाले,
"सातपुडाना पल्याड
तुले काय देखनं शे?"