वारा कधी सरला

ऑपरेशनच्या वहीत हा रकाना नसतो.
तो मी माझ्या डायरीत आखलाय, पेन्सिलीने:
वारा कधी सरला.

जळगावच्या या चार मजली इस्पितळात
सतरा वर्षं मी हत्यारं देते.
देते म्हणजे मागायच्या आधी देते.

त्या आठवड्यात दोन आतडी आली.
दोन्ही उजव्या अंगाची, दोन्हींत गाठ,
दोन्ही दुर्बिणीनेच सोडवायची.
भांडण एवढंच, की जोडायचं कुठे.

नेहते सर म्हणतात, बाहेर.
बेंबीशी चार बोटं चीर,
सुटं झालेलं आतडं वर घ्यायचं
आणि दिव्याखाली, हातात धरून शिवायचं.
"बोटाला कळतं ते पडद्याला कळत नाही."
खरंय. पण मी शेजारीच उभी असते.
जाड माणसाचं आतडं वर यायला कुरकुरतं,
ताण बसतो, काठाला एखादी बारीक शीर फुटते,
आणि सरांचा आवाज तेवढ्यापुरता मऊ होतो.

फिरके मॅडम आतच जोडतात.
दोन टोकं शेजारी शेजारी निजवायची,
स्टेपलरचा एक जबडा हिच्यात, एक तिच्यात,
अडकित्त्यासारखा आवाज,
की दोन बोळांचं एक अंगण.
उरलेलं तोंड मग शिवायचं
लांब दांड्यांनी, टीव्हीत बघून,
हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं.
वीस मिनिटं जास्त. कधी चाळीस.
गाठ काढायची चीर मात्र खाली, आडवी,
परकराच्या नाडीखाली झाकेल अशी.

सोमवारी सुभान तडवी, यावलचे. बाहेर.
गुरुवारी प्रमिलाबाई बऱ्हाटे, भुसावळच्या. आत.

गुरुवारी सुई दिसेना.
पडद्यावर होती, मग नव्हती.
मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं.
"सिस्टर, नक्की?"
नक्की.
बाहेर मे महिना, पंचेचाळीस,
आत गारव्यात मॅडमच्या भुवईवर घाम.
सात मिनिटं आम्ही चौघं पिवळ्या चरबीकडे बघत राहिलो,
गव्हातला खडा शोधावा तसं.
यकृताच्या काठाखाली चमकली ती,
निवांत, जणू आम्हीच हरवलो होतो.

कँटीनमध्ये दोघांचं नेहमीचंच.
सर: आत गळायला लागलं तर?
मॅडम: गळायचं ते दोन्हीकडे सारखंच गळतं, सर.
ओढलं नाही, तर आतडं लवकर जागं होतं.
मी शेव-मुरमुऱ्याची बशी पुढे सरकवते.
मला कोणी विचारत नाही.
हत्यारं देणारीकडे मत नसतं, मोजदाद असते.

मग वॉर्डातली वाट पाहणं.
"व माय, काय इचारतीस!" म्हणून
प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला.
शनिवार गेला. रविवारी संध्याकाळी
त्यांनी भिंतीकडे तोंड करून एक बोट वर केलं.
सुभानचाचांचा वारा मात्र बुधवारीच सरला,
पहाटे चार दहाला.
नातू जिन्यापर्यंत धावत आला,
लाजून एवढंच म्हणाला, "झालं."

म्हणजे सर जिंकले?
डायरीत एकशे बारा नावं आहेत.
आतून जोडलेले सरासरीने अर्धा दिवस पुढे.
पण सरासरीला खाट नसते,
आणि रात्री तीनला ती बेल वाजवत नाही.

दिवाळीनंतर सुभानचाचा आले.
हातात केळ्यांची फणी, चिरेपाशी लिंबाएवढा फुगवटा.
"चाचा, खोका."
खोकले. माझ्या तळव्याखाली काहीतरी
दार ढकलून पाहिल्यासारखं आलं, गेलं.
"आतला जोड पक्का आहे ना, बेटा?"
जोड पक्काय, चाचा. उंबरठा ढिला झालाय.

नेहते सर बराच वेळ ती चीर बघत होते,
स्वतःचंच जुनं अक्षर वाचावं तसे.
बोलले काहीच नाहीत.

रात्री मी डायरीत आणखी एक रेघ ओढली.
पान अपुरं पडलं.
शेवटचा रकाना समासात गेला.