गाठ

गेटच्या आत, पंचिंग मशीनच्या डावीकडं
एक चौकट आहे. मार्चभर तिच्यात मी होतो.
फोटो आधारकार्डावरचा, ताणून मोठा केलेला,
त्यामुळं पकडून आणल्यासारखा दिसत होतो.
खाली: मधुकर दगडू पगारे, वाइंडिंग.
महिन्याचा मानकरी.

एचआरच्या मॅडम माइकवर म्हणाल्या,
आडनावातच पगार, आणखी काय पाहिजे?
सातपूरची अख्खी पहिली पाळी हसली.
मीही हसलो. कूपन मिळालं पाचशेचं,
कॉलेज रोडच्या अशा दुकानाचं
जिथं पाचशेला सदऱ्याची एक बाही येत असेल.

पोरीनं विचारलं, पप्पा, वाढ किती?
हिनं कूपन गॅसच्या पुस्तकात सरकवलं
आणि भाकरी उलटली.

खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा
त्या चौकटीपाशी मी हळू चालायचो.

एक एप्रिलला स्क्रूड्रायव्हर घेऊन रमजानचाचा आले.
माझा फोटो त्यांनी काढलाच नाही.
माझ्यावरच शिरसाठचा ठेवला, काच दाबली.
'कुणाचाच काढत नाही,' म्हणाले,
'खाली जाडी असली की काच खडखडत नाही.'

जूनमध्ये निफाडहून एक मोटर परत आली,
द्राक्षबागेतली, चौदा वर्षं विहिरीच्या काठावर राबलेली.
गांगुर्डे फोरमननी ती उघडली, आत बॅटरी मारली
आणि मला बोटानं बोलावलं.
पोटात गोळाच आला.
'बेअरिंग गेलंय. तार बघ.'
तार जिथल्या तिथं, एक वेढा हललेला नाही.
कडेला दोऱ्याची गाठ, उलट्या अंगानं मारलेली.
'सबंध शॉपमध्ये डावखुरा एकच,' ते म्हणाले,
आणि आपल्या कपातला अर्धा चहा
बशीत ओतून माझ्याकडं सरकवला.

त्या दिवशी कंपनीची बस सोडली मी.
त्र्यंबक रोडनं चालत घरी गेलो,
डावा हात खिशाबाहेर ठेवून.

वाढीचा अर्ज उद्या देणार आहे. द्यायचाच.
चहावर पोरीची फी भागत नाही,
आणि चौदा वर्षांचा हिशेब मला आता तोंडपाठ आहे.

पण आज टेबलावर नवी मोटर आहे.
दोरा दातात धरून शेवटची गाठ मारताना
उगाच थांबलो थोडा:
हिला कोण उघडेल, कधी,
कसल्या उजेडात.
मग ओढून घट्ट केली.