दारूचं माप

व्हर्लिन ईड्सनं दारू सोडली त्याला
येत्या मार्चात अकरा वर्षं होतील.
आता तो ती पितळी मापानं मोजतो,
पंचवीस ग्रेन, काठावरून बोट फिरवून सपाट.
त्याच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत.
माझ्या भाषेत एकच.

ओहायो नदीच्या इंडियानाकडच्या काठावर
तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठारात ऑक्टोबरात बाजार भरतो.
तिथे त्यानं पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं,
दीडशे वर्षांपूर्वीचं, मुठीचं अक्रोडी लाकूड झिजलेलं,
बार्जवरचा दोन महिन्यांचा पगार मोजून.
ओडेसा प्रुइटनं भिंग लावलं
आणि दात नसलेल्या बाजूनं हसली.
सांगाड्यावर आकडा चारशे सतरा,
चक्रावर त्र्याण्णव.
"दोन मेलेल्यांचं मिळून एक केलंय कोणीतरी.
फसलास. पण सांधा बघ काय बसलाय.
माझं दुसरं लग्न असंच होतं."

हे झाडायचं नाही, म्हणाली.
तेल लाव, फडक्यात गुंडाळ, रविवारी उघडून बघ.
आणि एका कोऱ्या इटालियन नकलेची पेटी
त्याच्यापुढे सरकवली, उधारीवर.

शिकवणी तिच्या परसात,
कापणी झालेल्या मक्याच्या तोंडाशी.
घोडा अर्धा ओढ. चक्र मोकळं फिरलं पाहिजे.
दारू. वर चिमूटभर मक्याचा रवा. वर गोळी.
दांडा दाब. अजून.
गोळी घरापेक्षा कणभर मोठीच असते,
आत शिरताना तिची कड तासली जाते
आणि शिशाचं मऊ कडं सुटून तळहातावर येतं,
बाहुलीच्या जोडव्याएवढं.
तोंडावर चरबी माख, नाहीतर एकाची ठिणगी
शेजारच्या घरात जाईल आणि अख्खी आळी पेटेल.
टोप्या सगळ्यात शेवटी, नळी समोर धरून.

सहा घरं. भरायची पाच.
"आणि सहावं?"
"त्यावर घोडा निजतो."
व्हर्लिन काही बोलला नाही.
त्याच्या घरी टेबलाला सहा खुर्च्या आहेत,
पाच रिकाम्या. हिशोब नेमका उलटा.

मग पहिला बार.
आवाज म्हणावा तर नाही, छातीत एक धप्प,
आणि धूर, पांढरा, इतका की
शेत गेलं, फळी गेली, ओडेसाही गेली.
त्याला लगेच बघायचं होतं.
"थांब," धूर म्हणाला तिच्या आवाजात,
"वारा आज आळशी आहे."
थांब असं त्याला पुष्कळांनी सांगितलं होतं,
चर्चच्या तळघरात, कागदी कपातल्या कॉफीबरोबर.
पण काहीतरी दिसेल म्हणून थांब,
असं कोणी नव्हतं सांगितलं.

धूर उठला, सावकाश, म्हातारी उठते तसा.
फळी कोरी.
डावीकडे कुंपणाच्या खांबाला मात्र ताजं भोक.
"खांबानं तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

तिसऱ्या बारानंतर फुटकी टोपी आत पडून चक्र अडलं.
ती काडीनं काढताना तिचे हात थरथरत होते,
काडी त्यानं हळूच स्वतःकडे घेतली.
दोघांनीही तसं काही दाखवलं नाही.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात
गरम पाणी, भांड्यांचा साबण, सडक्या अंड्यांचा वास.
पाणी शाईसारखं.
"आजचं आज धू. उद्यावर टाकलंस की गंज."
"ते मला येतं," तो म्हणाला. "तेवढंच येतं."

मंगळवारी तळघरात
शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं नाक वळवलं.
शर्टाला अजून धूर होता.
"व्हर्लिन, कसला वास हा?"
व्हर्लिननं त्याच्या भाषेतला शब्द सांगितला,
माणूस हसला, कॉफी पुढे गेली.

माझ्या भाषेत असता
तर सगळ्या खुर्च्या वळल्या असत्या.