गुरुवारी सकाळी सहाच्या आत

रोस्टॉक महापालिकेचं पत्र म्हणतं:
मोठं सामान गुरुवारी सकाळी सहाच्या आत
फुटपाथच्या कडेला. चार घनमीटरपेक्षा जास्त नको.

मी टेप घेऊन घर मोजलं.
हार्टविगसोबतची एक्केचाळीस वर्षं
सहा घनमीटर भरली.
म्हणजे दोन ठेवायला हरकत नाही,
असं मी सिल्केला फोनवर म्हटलं.
ती हसली नाही.
हॅनोवरला तिच्या घरात भिंती आहेत
आणि भिंतींवर भिंतीच आहेत.

नव्या जागी मला एक खोली, एक खिडकी,
पलंगाशी ओढायची लाल दोरी.

खोटं कशाला बोलू, बरंचसं सोपं गेलं.
बारा जणांचा कॉफीचा सेट:
बारा माणसं या घरात एकदाच आली,
आणि तेव्हाही कप कमी पडले.
लग्नातलं घड्याळ, ज्याला आम्ही दोघंही
एकमेकांच्या आईचं समजून जपत राहिलो.

अडलं ते तळघरात.
हार्टविग गोदीत फिटर होता.
"असू दे, लागेल कधीतरी"
हे तो शिंक आल्यावर लोक काहीतरी पुटपुटतात
तसं म्हणायचा, न थांबता.
फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या,
प्रत्येकीवर चिठ्ठी, तिरकं अक्षर:
*पितळी, आठचे.*
*मागच्या दाराचे. जुन्या दाराचे.*
*सायकल, पण कोणती?*
आणि अगदी मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
दोन हातांनी उचलावा इतका जड:
*कशाचे ते आठवत नाही.*

तोही ठेवला बाहेर. साइडबोर्डच्या पायाशी.
शेजारचा ओझ्गुर आणि त्याचा मेहुणा
साइडबोर्ड उतरवताना जिन्यात दोनदा अडकले;
आम्ही तो वर कसा चढवला होता, देव जाणे.

मग दिवा मालवून पडद्याआड बसले.
आपल्याच घराची चोरी पाहायला
खुर्ची एकच उरली होती.
एका पोरीने लॅम्प नेला, सायकलवर,
एका हाताने धरून, जणू तो पेटलेलाच आहे.
एका बाईने पातेली घेतली, झाकणं ठेवली.
एका म्हाताऱ्याने माझं स्टूल उलटं करून पाहिलं,
घोड्याचे दात पाहावेत तसं,
आणि परत सुलटं ठेवून गेला.
मला राग आला. खरंच आला.
त्या स्टुलावर उभं राहून मी
सदतीस ख्रिसमस झाडांच्या शेंड्याला तारा लावलाय.

तीन वाजता पाऊस.
सपाता घालून खाली गेले, छत्रीही न घेता.
दुसरं काही नको होतं, फक्त तो डबा.
डबा नव्हता.

पातेली ठीक, लॅम्प ठीक,
पण *कशाचे ते आठवत नाही*
कुणी नेलं असेल अशा रात्री?
कोणी बसलं असेल का आत्ता स्वयंपाकघरात,
एकेक स्क्रू दिव्याशी धरून
आठवायचा प्रयत्न करत?

डब्याच्या जागी पिंजरा होता.
माझा नव्हे. आमच्याकडे पक्षी कधीच नव्हता.
कुणीतरी आपलं ओझं माझ्या ढिगात सरकवून गेलेलं.
आत झोका, दाण्याची वाटी,
नखाएवढा आरसा, चोच मारून मारून
मधोमध पांढरा पडलेला.

सहाला गाडी आली.
साइडबोर्डने पहिल्या दाबाला दाद दिली नाही.
दुसऱ्याला दिली.
गाडी गेल्यावर फुटपाथवर
एक कोरडा आयत राहिला, साइडबोर्डच्या मापाचा,
आणि पाऊस कडांकडून
आत आत येत गेला.

सिल्केचा फोन.
"गेलं ना सगळं?"
"हो," म्हटलं, "सगळं."

पिंजरा खिडकीत ठेवलाय.
हार्टविगचं पेन सापडलं, चालतंय अजून.
चिठ्ठीवर काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.