नकलेसाठी अर्ज

नऊला कुलूप उघडलं तेव्हा ती पायऱ्यांवर उभीच होती,
बुटांवरचा बर्फ झटकत.
व्हर्ना स्टॅडहाइम, वय अडुसष्ट.
हातात पर्स, पर्समध्ये लिफाफा,
लिफाफ्यात मोजून ठेवलेले चौदा डॉलर.
फोनवर मीच सांगितलं होतं :
शिक्क्याच्या नकलेचे चौदा, चेक चालत नाही.

टॅमरॅक काउंटीच्या कोर्टात, तळघराच्या जिन्याशी,
बावीस वर्षं माझी ही खिडकी.
मोडलेल्या लग्नाचा पुरावा न्यायला लोक येतात.
कुणाला पेन्शनसाठी हवा, कुणाला माहेरचं आडनाव परत लावायला.
एक जण नुसता वाचायला यायचा, दर ऑगस्टमध्ये,
आणि फाइल परत देताना दोरी
माझ्यापेक्षा नीट बांधायचा.

व्हर्नाला लग्न करायचं होतं.
ग्लेन हाउगेन, विधुर, जन्मभर धान्याचा वजनकाटा सांभाळलेला,
बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता.
"चर्चवाले कागद मागतात," ती म्हणाली,
"आणि माझा तर पुरात गेला."

नवऱ्याचं पूर्ण नाव? साल? अंदाजे चालेल.
"ऑर्व्हिल लेरॉय. एकोणऐंशी.
बीट उपटायचे दिवस होते, एवढं नक्की."

संगणकाला एकोणनव्वदच्या मागचं काही आठवत नाही.
मग सूचीचं जाड पुस्तक, मग तळघर,
मग फिल्मचं चाक फिरवत
अख्खं एक साल डोळ्यांसमोरून पळवलं :
बांधावरची भांडणं, मृत्युपत्रं,
दारू पिऊन खड्ड्यात घातलेला ट्रॅक्टर,
आणि स्टॅडहाइम विरुद्ध स्टॅडहाइम.

दहा पानं. अर्ज तिच्याच अक्षरात.
वाटणीची यादी : शिलाई मशीन तिचं.
डीप फ्रीजर त्याचा,
फ्रीजरमधलं अर्धं हरीण तिचं.
कुत्र्यापुढे प्रश्नचिन्ह.
तारीख पडली सात नोव्हेंबर.
शेवटच्या पानावर तीनच ओळी :
पुकारा झाला, दोन्ही पक्ष गैरहजर.
पुन्हा पुकारा, गैरहजर.
अर्ज काढून टाकला.

हुकूमनामा नाही.
मी चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.
घट फुटला नव्हता,
काडीसुद्धा मोडली नव्हती.

तिला सांगितलं तेव्हा ती रडेल असं वाटलं होतं.
तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"गाडी सुरू झाली नाही त्या दिवशी.
म्हटलं, तो जाईल. काय ते पत्राने कळेल.
त्यालाही तसंच वाटलं असणार."
थोड्या वेळाने :
"पुरात गेला असं मी सगळ्यांना सांगते.
तो कागद कधी आला होता का,
खरंच आठवत नाही."

आणि ऑर्व्हिल?
"गेल्या फेब्रुवारीत गेला. वृद्धाश्रमात.
बटाट्याचं भांडं नेऊन ठेवलं होतं मी त्याच्या दारात,
वर नाव न लिहिता."

मग मी, सरकारी आवाजात,
कारण दुसरा आवाज मला सापडेना :
"मग तुम्हाला घटस्फोटाचा कागद नकोच.
मृत्यूचा दाखला लागेल. वरचा मजला, दुसरी खिडकी.
नातं विचारतील.
पत्नी, असं लिहा."

"आले तेव्हा घटस्फोटिता होते," ती म्हणाली.
मी पेन पुढे सरकवलं. तिने घेतलं नाही.
यादीचं पान तेवढं मागितलं, साधी नकल,
आणि पर्सच्या तळातून पंचवीस सेंट शोधले.
पान यंत्रातून गरम निघालं.
ती उभ्याउभ्याच वाचत राहिली.

कुत्रा कुणाकडे राहिला शेवटी? मी विचारलं.
हा प्रश्न अर्जात नसतो.

"त्याच्याकडे," ती म्हणाली.
"पण रविवारी माझ्याकडे यायचा.
सहा मैल.
आपला आपण चालत."