अठरा सेकंद

बेकरीत माझी पाळी पहाटे तीनला सुरू होते,
म्हणून मी दुपारी धावते,
पाइनटाउनच्या चढावर, डांबर मऊ पडतं तेव्हा,
शहाणी माणसं सावली धरून बसतात तेव्हा.
मिनीबसवाला ओरडतो, "मावशी, कोण मागे लागलंय?"
मी बोट वर करते. म्हणजे थांब, दम खाऊ दे.
इथे बोट वर म्हणजे शहरात जायचंय.
तो ब्रेक लावतो. दर वेळी.

नव्वद किलोमीटर. बारा तास.
बारावा तास भरला की एक माणूस
धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो
आणि आभाळात बार काढतो.
पाठ करून, कारण तोंडं दिसली तर हात थरथरेल.
त्यानंतर जे येतात
ते आलेलेच नसतात.

गेल्या वर्षी मी ती पाठ पाहिली.
खाकी कोट. कॉलरची एक बाजू आत दुमडलेली.
अठरा सेकंद.

बूट सात हप्त्यांत घेतले, पाचव्या हप्त्याला तळ झिजला.
अंगठ्याचं नख मार्चमध्ये गळलं, ते बटणांच्या डब्यात आहे.
नोक्वांडा म्हणते, "आई, शी!"
रविवारी कुठे असतेस, पाद्रीबाबा विचारतात.
डोंगरावर, मी म्हणते,
तुमच्या पुस्तकातली माणसंही डोंगरावरच जायची की.
ते हसत नाहीत.

तर तो माणूस.
शेवटच्या मोठ्या चढाला कठड्यावर बसला होता,
बूट काढून, मांडीवर घेऊन.
बूट मांडीवर आले की माणूस संपला,
हे आमच्या क्लबात पोरंसुद्धा जाणतात.
मी त्याला बूट घातले.
लेस बांधली, शाळेत जाताना नोक्वांडाची बांधायचे तशी,
दोन गाठी.
काखेत हात घालून विजेचे दोन खांब चालवलं,
मग आणखी दोन.
मीठ लावलेला बटाटा दिला. शेवटचा होता.

उतार लागला आणि तो सुटला.
मागे वळून
नाही.

तो पोचला. त्याच्या गळ्यात पदक आहे.
तांब्याचं, नाण्याएवढं. खिशातल्या खिशात हरवेल इतकं.

सगळे म्हणाले, खेतिवे, किती मोठं मन तुझं,
देव बघतो.
बघत असेल.
घड्याळही बघतं.
पस्तावतेस का, असं फक्त थोबेकिलेनं विचारलं,
भट्टीत ट्रे सारता सारता.
हो म्हटलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी पिठात खडा टाकला.

यंदा मी दुमिसानीच्या घोळक्यात आहे.
त्याच्या हातात झेंडा, तोंडात शिट्टी, डोक्यात हिशोब:
इतकं पळा, इतकं चाला, बारा मिनिटं राखून पोचा.
रस्ता बघू नका, म्हणतो, माझे खांदे बघा.
मी खांदे बघते.
एकटी असले की उसाच्या शेताकडेनं
एक वाक्य घटवते:
माफ कर भावा, मला जायचंय.
न थांबता म्हणायचं. श्वास न तुटता.
उसाला म्हणते. गाईला म्हणते. गाय हलत नाही.
आता बऱ्यापैकी जमतं.

परवा लांबची धाव होती, छप्पन्न किलोमीटर.
अडतिसाव्याला क्लबातलं नवीन पोरगं,
म्वेलासे नाव त्याचं,
गवतात बसलं.
एक बूट काढला. मग दुसरा.
मी म्हटलं, माफ कर भावा, मला जायचंय.
स्पष्ट म्हटलं. पाय थांबले नाहीत.
पहिला खांब गेला.
दुमिसानीचे खांदे समोर, शिट्टी, पळा.
दुसऱ्या खांबापाशी माझी लेस सुटली
आणि मी वाकले,
वाकल्या वाकल्या मागे पाहिलं.

दोन गाठी मारलेली लेस सुटते कशी,
मला विचारू नका.