हस्ते

म्हापशात, औषधांच्या दुकानावर,
अठरा पायऱ्या चढून गेलं की एक खोली आहे.
तिथे मी शनिवारी पावत्या फाडतो.
संस्थेचं नाव फलकावर मावत नाही इतकं लांब,
लोक नुसतं ‘माडयेवयली’ म्हणतात.
तिथे येतात आई, बाप आणि मूल,
ज्यांना रस्त्यात कोणी एका घरातले समजत नाही.

पावतीवर जागा चारच:
नाव, रक्कम, अक्षरी, हस्ते.
का दिले, याला रकाना नाही.
पण पैसे मोजताना माणूस बोलतो.

कायतानिनच्या पन्नासाच्या नोटेला
सुक्या बांगड्याचा वास असतो.
तिचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, स्विंडनला.
नातवाला शाळेत रोज विचारतात,
तू खरा कुठला?
“थंय ताचे वटेन कोण उबो रावता काय ना,
म्हाका कळना,” ती म्हणते,
“म्हणून हांगा दितां.”
मग सुटे परत मागते, बसच्या तिकिटाला.

समोरच्या पार्लरची ब्रिजिदा पैसे देत नाही.
तिच्या पावतीवर मी लिहितो: वस्तुरूप.
रुंद दातांचा कंगवा, एक. खोबरेल, दोन बाटल्या.
पहिल्यांदा ते घट्ट कुरळे केस तिच्या खुर्चीत आले
तेव्हा ती म्हणाली, हे मला येत नाहीत, शिकते.
आधीच्या तिघी म्हणाल्या होत्या, कापून टाका.
कधी कधी वाटतं,
एवढ्या फरकावरच ही खोली चालते.

एकाने दीडशे दिले. नाव नको, लिहा एक सोयरा.
कोणाचा सोयरा? मी विचारलं.
जिना उतरता उतरता म्हणाला, ठरवतोय.

माझं कोणी विचारत नाही.
पावत्या फाडणाऱ्याला कोण विचारणार?
चौदा वर्षं, महिन्याला पाचशे,
आधी पगारातून, आता पेन्शनीतून.

मी पालिकेत होतो, जन्म-मृत्यूच्या खिडकीत.
शिरगावची एक बाई आली, वेरेकर,
कडेवर मुलगी.
कागद चोख: कोर्टाचा हुकूम, सह्या, शिक्के.
मुलीचे केस आणि रंग
समुद्रापलीकडच्या कुणा बापाचे.
मी कागद पाहिले, मूल पाहिलं, बाई पाहिली,
आणि चष्म्यावरून म्हणालो,
“ते सगळं बरोबर. पण खरी आई कोण?”

रांग हसली.
सगळी नाही. पुरेशी.

पोरीने बोट उचललं
आणि बाईच्या हनुवटीवर ठेवलं.
अडीच वर्षांचं बोट.
मी दाखला दिला.
शाई वाळेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

लोक मला दयाळू समजतात.
दया असती तर एकदाच काय ते देऊन
मोकळा झालो असतो.
हे हप्ते आहेत.
मुद्दल किती, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शाल्मली आता सतराची आहे.
शनिवारी वर येऊन लहानांच्या वेण्या घालते,
ब्रिजिदाकडून शिकलेल्या, कानामागून सुरू होणाऱ्या.
परवा माझा हात फार कापत होता,
तिने पावतीपुस्तक ओढून घेतलं.
माझं नाव लिहिलं, न विचारता. रक्कम लिहिली.
अक्षरी, रुपये पाचशे फक्त.
“हस्ते?”
“स्वतः,” मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं.
“काका, आई म्हणते,
तेव्हा तुमच्याकडे हिरव्या शाईचं पेन होतं.”

खाली औषधवाल्याने शटर अर्धं ओढलं.
मी टेबलावरचं रबर उगाच सरळ करत बसलो.
तिने काहीतरी लिहिलं, शिक्का मारला,
स्थळप्रत ठेवली, पावती फाडून माझ्या हातात दिली
आणि एका पोराची अर्धवट वेणी पुरी करायला गेली.

बसमध्ये चष्मा लावून वाचली.
हस्ते या शब्दापुढे
तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.